दुरुस्तराव हात बांधून बसतात

पैज लागली ती एका कुंडीपायी.

रविवारी सकाळी इमारतीच्या आवारात दुरुस्तरावांची बायको गाडी शिकत होती. गाडी मागे घेऊन दोन खांबांच्या मधे लावायची, एवढंच काम. ती आरशात बघत हळूहळू, अगदी व्यवस्थित मागे येत होती. शेजारच्या सीटवर दुरुस्तराव होते. शेजारच्या सीटवर नुसतं बसायचं असतं, ही गोष्ट त्यांना उभ्या जन्मात कुणी शिकवली नव्हती. "डावीकडे घे... अगं डावीकडे... सोड, सोड, मी करतो," म्हणत त्यांनी एका हातानं स्टीअरिंग ओढलं आणि दुसऱ्या हातानं हँडब्रेक. गाडी तिरकी झाली, गचका खाऊन थांबली, आणि थांबता थांबता मागच्या बंपरनं कोपऱ्यातली मोठी कुंडी फोडली.

दुरुस्तराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण गळका नळ असो, वाकडी तसबीर असो, नाहीतर लिफ्टमधे भेटलेल्या माणसाच्या शर्टाची चुकीची गुंडी असो, त्यांचा हात पुढे झालाच म्हणून समजा. तेव्हा सगळी इमारत त्यांना दुरुस्तराव म्हणायची. आधी मागून म्हणायची, मग तोंडावर.

तळमजल्याच्या गॅलरीत क्लचकाका चहा पीत उभे होते. हे गेली तीस वर्षं गाडी शिकवणारे. नाव पोरांनी ठेवलेलं, आणि काकांनी ते आवडीनं लावून घेतलेलं.

"वा!" काका म्हणाले. "कुंडी कुणी फोडली म्हणायची? चालवणारीनं की ओढणाऱ्यानं?"

"काका, ती चुकत होती."

"चुकत नव्हती. हळू होती. तुम्हाला हळू बघवत नाही, हा तुमचा आजार आहे."

"मी वेळेवर ओढला म्हणून कुंडीवर भागलं. नाहीतर—"

"नाहीतर गाडी खांबांच्या मधे लागली असती," बायको गाडीतून उतरत म्हणाली. "अरे, भाजी चिरताना तू माझ्या हातातली सुरी घेतोस. लग्नात सही करताना माझं पेन सरळ केलं होतंस. आता बास. उद्यापासून मी काकांकडे शिकणार."

एव्हाना गॅलऱ्यांमधे चार डोकी जमली होती. काकांना डोकी जमली की उत्साह यायचा.

"दुरुस्तराव, सहा दिवस हात आवरून दाखवा. सोमवार ते शनिवार. ऑफिसात तुम्ही म्हणे चार लोकांचे साहेब. तिथे दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्याला उत्तर सांगायचं नाही. प्रश्न विचारा हवे तेवढे."

"ह्यॅ! त्यात काय?"

"हरलात तर पुढच्या रविवारी, सगळे घरी असताना, माझ्या गाडीच्या 'एल'च्या पाट्या गळ्यात घालायच्या, एक पुढे, एक मागे. आणि इमारतीला तीन फेऱ्या मारायच्या. उलट्या. रिव्हर्समधे. तोंडानं तीं तीं करत."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तर मी वरच्या मजल्यावरच्या छोटीच्या तीनचाकी सायकलवर तीन फेऱ्या मारीन."

काका चांगले अगडबंब होते. ते चित्र डोळ्यांसमोर येताच गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या आणि दुरुस्तरावांनी हात पुढे केला. पंच म्हणून बायकोला नेमलं. तिनं ओव्हनचे जाडजूड हातमोजे आणून नवऱ्याच्या हातात दिले. दोन्ही मोज्यांवर लाल कोंबडी छापलेली.

"कुणाच्या टेबलाशी गेलास की हे घालायचे. यात टाईप करता येत नाही. आणि माझी एक अट आहे."

"आता काय?"

"ऑफिसला साडेनऊच्या आधी जायचं नाही. आणि गेल्यावर आपल्या जागेवरूनही दुसऱ्याच्या कामाला शिवायचं नाही."

हसता हसता दुरुस्तरावांचा चेहरा एकदम उतरला. तो का उतरला हे तिथे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं.

त्याचं असं होतं. दुरुस्तराव रोज साडेसातच्या आत ऑफिस गाठायचे. त्या वेळी तिथे ते आणि फरशी पुसणाऱ्या मावशी, तिसरं कुणी नाही. मग ते आदल्या दिवशी हाताखालच्या लोकांनी लिहिलेले संगणकाचे सगळे प्रोग्रॅम उघडायचे. कुठे काय चुकलंय ते त्यांना वासावरून कळायचं. चूक काढायची, नीट करायची, बंद करायचं. नऊला लोक आले की हे कॉफीचा कप घेऊन खिडकीत, जसे काही आत्ताच आले. कुणाला शब्द नाही. आपण मोठं प्रेमाचं काम करतो, अशी त्यांची समजूत होती. पोरांना कशाला ओशाळं करा?

या प्रेमाची फळं मात्र वेगळीच लागत होती. त्यांच्या हाताखाली गेल्या दोन वर्षांत दोन नवे लोक येऊन गेले. पहिला दुसऱ्या टीममधे गेला, आणि तिथे महिनाभरात त्याचं पितळ उघडं पडलं. दुसरी सहा महिन्यांच्या परीक्षेच्या मुदतीनंतर कायम न होता घरी गेली. विभागाच्या मोठ्या बाईंनी तिला दुरुस्तरावांच्या गैरहजेरीत एक छोटं काम करायला दिलं होतं. ते तिला जमलं नाही. ती रडून म्हणाली, "पण मॅडम, आजवर माझं एकही काम परत आलेलं नाही!" हे वाक्य दुरुस्तरावांनी दाराबाहेरून ऐकलं होतं. तेव्हापासून ते साडेसातच्या ऐवजी सव्वासातला जाऊ लागले होते.

आता तिसरी आली होती. टीममधे सगळे तिला 'नवी' म्हणायचे. बत्तीस वर्षांची. आधी आठ वर्षं औषधाच्या दुकानात काऊंटरवर होती. घर आवरून, पोरीला झोपवून, दीड वर्ष शिकून या धंद्यात आलेली. दुकानातली तिची जागा कधीच भरली गेली होती, तेव्हा परतीची वाट नव्हती. तिचे सहा महिने येत्या शनिवारी भरत होते.

सोमवारी दुरुस्तराव साडेनऊला ऑफिसात शिरले तेव्हा मावशींनी विचारलं, "बरं नाही का?"

दहा वाजता ते नवीच्या टेबलाशी गेले आणि पिशवीतून कोंबड्या काढून हातात चढवल्या. सगळ्या माना वळल्या. मग कोपऱ्यातल्या दाढीवाल्यानं अदबीनं विचारलं, "सर, पुरळबिरळ काही?"

"पैज आहे," दुरुस्तराव म्हणाले. "कामं करा."

नवीचं काम प्राण्यांच्या एका दवाखान्याचं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना हवं होतं, की प्राण्याची तारीख आली की मालकाच्या फोनवर आपोआप निरोप जावा. लस कधी, गोळी कधी, नखं कधी कापायची. नवीनं ते लिहून तयार केलं होतं. मंगळवारी ते सुरू व्हायचं होतं. टीमची रीत अशी, की एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचायचं आणि मगच बाहेर सोडायचं. दुरुस्तरावांनी तिच्या मागे उभं राहून वाचलं. चौथ्याच ओळीत त्यांना चूक दिसली.

कोंबडी पुढे सरसावली. त्यांनी तिला पाठीमागे नेऊन दुसऱ्या कोंबडीत घट्ट धरलं.

"हे... हे करून बघितलंस?"

"हो सर. टॉमीवर."

"टॉमी कोण?"

"मी एक खोटा कुत्रा केलाय सर. टॉमी. त्याच्यावर सगळं चालतं."

"टॉमीच्या मालकाचं नाव काय?"

"टॉमीच ठेवलंय. उगाच दोन नावं कशाला?"

दुरुस्तरावांनी जीभ दातांखाली धरली. मालक टॉमी, कुत्रा टॉमी. मग कुठल्या जागी कुणाचं नाव पडतंय ते कळणार कसं? ओठांपर्यंत आलेलं उत्तर त्यांनी आवंढ्याबरोबर गिळलं. मग मनाशी हिशेब केला. होऊन होऊन काय होईल? लोक हसतील. कुणी मरत नाही.

"बरं," ते म्हणाले, आणि आपल्या जागेवर जाऊन दोन्ही कोंबड्यांत तोंड खुपसून बसले.

मंगळवारी अकराला निरोप सुटले. सव्वाअकराला डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

चारशे बारा लोकांना आपापल्या नावानं निरोप गेला होता. एका शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवलं होतं, की आज संध्याकाळी पाच वाजता त्यांची नखं कापायची आहेत, येताना पट्टा बांधून आणावे. एका वकीलबाईंना जंतांचं औषध होतं, आणि त्या चावत असल्यास तोंडाला जाळी घालावी अशी सूचना होती. एका नवरदेवाला... पण तो निरोप बोक्याच्या ऑपरेशनचा होता, आणि तो त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या फोनवर गेला होता, एवढं सांगितलं तरी पुरे.

डॉक्टरीणबाई निम्म्या रागात, निम्म्या हसत होत्या. खोलीत मात्र नुसतंच हसू. दाढीवाला टेबलाखाली गेला होता.

नवी हसत नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक. ती दुरुस्तरावांच्या टेबलाशी आली आणि अगदी हळू म्हणाली, "सर, माझं असं कधीच झालं नव्हतं. सहा महिन्यांत एक चूक नाही, आणि आता शेवटच्या आठवड्यात..."

तेच वाक्य. दुरुस्तरावांना दाराबाहेर उभं असल्यासारखं वाटलं. गप्प बसणं सोपं होतं. पैजही गप्पच बसायला सांगत होती. पण झालेलं सांगणं म्हणजे काही उत्तर सांगणं नव्हे, असा त्यांनी आपल्यापुरता निवाडा केला.

"बस जरा," ते म्हणाले. "ही बारावी आहे."

"काय बारावी?"

"चूक. आधीच्या अकरा मी काढल्या. सकाळी लवकर येऊन."

नवी बसली नाही. "मला न सांगता?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मला वाईट वाटू नये म्हणून!" तिचा आवाज चढला तशी टेबलाखालची दाढी वर आली. "सर, मी दुकानात होते तेव्हा चुकीची बाटली काढली, की आमचे मालक नुसतं माझ्या मनगटावर बोट ठेवायचे. बाटली माझी मीच परत ठेवायची आणि बरोबरची मीच शोधायची. आठ वर्षांत ते एकदाही काऊंटरच्या या बाजूला आले नाहीत. आणि तुम्ही अकरा वेळा माझ्या हातातली बाटली बदललीत, मला पत्तासुद्धा न लागू देता? मला वाटत होतं मला येतंय!"

"येतंय की. थोडं..."

"काय येतंय? टॉमीवर चालतंय ते?"

दुरुस्तरावांनी टेबलावरच्या कोंबड्या उगाच हातात चढवल्या. हातात कोंबड्या असलेल्या माणसाला तसंही फार तोऱ्यानं बोलता येत नाही.

"मला त्या अकरा लिहून द्या," ती म्हणाली. "सगळ्या. तारखेसकट."

त्यांनी दिल्या. एकही शोधावी लागली नाही, सगळ्या तोंडपाठ होत्या. नवीनं तो कागद आपल्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला आणि खाली स्वतःच्या हातानं बारावी लिहिली. अकरांपैकी आठ चुका एकाच जातीच्या होत्या, हे तिला पाच मिनिटांत दिसलं. टॉमी एकटा होता, आणि सगळं त्या एकट्या टॉमीवरच चालत होतं.

दुपारपर्यंत दाढीवाला आणि बाकीचे दोघं ओळीनं दुरुस्तरावांच्या टेबलाशी उभे होते. "सर, आमच्या किती?" दाढीवाल्याच्या एकतीस निघाल्या. तो गेली पाच वर्षं लोकांना आपल्या सफाईदार कामाचे दाखले देत असे. त्या दिवशी त्यानं लवकर घर गाठलं.

संध्याकाळी मोठ्या बाई येऊन भिंतीवरचा कागद वाचून गेल्या. जाताना दुरुस्तरावांना म्हणाल्या, "शुक्रवारी औषधाच्या डोसाचे निरोप सुटायचेत ना? ते ती एकटी सोडेल. शनिवारी मी ठरवते. आणि ऐका, आधीच्या दोघांसारखं तिसऱ्यांदा नको." आवाज अगदी साधा. दुरुस्तरावांना तो रात्रीच्या जेवणापर्यंत पुरला.

बुधवारी नवीनं टॉमीला रजा दिली आणि एक आख्खं प्राणिसंग्रहालय उभं केलं. दोन मालकांची एक मांजर. मालक एकच पण त्याचे सहा ससे, सहांचंही नाव एकच. नावच नसलेला पोपट. वजन शून्य असलेलं कासव. एक कुत्रा, ज्याचं नाव फोनच्या पडद्यात मावत नव्हतं. दर दहा मिनिटांनी तिच्या टेबलावरून "अरे देवा!" ऐकू यायचं आणि मग खडखड टायपिंग. दुरुस्तराव लांबून मान उंच करून बघायचे. हात नुसते शिवशिवत होते. तिला तासभर लागत होता ते त्यांनी दोन मिनिटांत केलं असतं. दुपारी त्यांनी जाऊन पाणी पिण्याच्या जागेचा नळ दुरुस्त केला. तो गळत नव्हता, पण आता गळायला लागला.

संध्याकाळी आवारात क्लचकाका गाडी पुसत होते. बायकोचा धडा नुकताच झाला होता, ती वर गेली होती.

"काका, एक विचारू? तुमच्या बाजूला पण ब्रेक असतो ना?"

"असतो. ब्रेक आहे. स्टीअरिंग नाही."

"मग तो दाबायचा कधी? शिकणारा चुकतोय हे तर तुम्हाला आधीच दिसतं."

"रोज दिसतं. हे बघा, पुढे खड्डा असला तर मी गप्प बसतो. आपटू दे. एकदा कंबर आपटली की पुढचे पन्नास खड्डे तिचे तिलाच दिसतात. पुढे माणूस असला तर दाबतो."

"आणि दाबल्यावर?"

"दाबल्यावर हात मांडीवर. गाडी तिथेच उभी. मागून लोक हॉर्न मारतात, शिव्या देतात, देऊ देत. का थांबवली ते तिनंच ओळखायचं, आणि गाडी तिनंच परत सुरू करायची. मी गाडी बाजूला घेतली, की धडा फुकट."

"पण खड्डा आहे की माणूस, हे कळायचं कसं?"

काकांनी फडकं पिळलं. "पहिली दहा वर्षं मलाही कळलं नाही. मी म्हाताऱ्या बाईसाठी दाबायचा आणि कावळ्यासाठीपण दाबायचा." मग डोळे बारीक करून म्हणाले, "काय, हात लागला वाटतं?"

"नाही अजून!"

"सायकलला तेल घालून ठेवायला सांगतो मग छोटीला."

शुक्रवारी तीन वाजता डोसाचे निरोप सुटायचे होते. प्राण्याचं वजन बघून किती गोळ्या द्यायच्या हे त्यात आपोआप निघत होतं. प्राणिसंग्रहालयातले सगळे प्राणी पास झाले होते. नवी शांत होती. डोळ्यांखाली काळं, पण शांत. तिनं दवाखान्याकडून आलेली खरी यादी उघडली आणि वरून खाली सरकवली. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. दुरुस्तराव नवीच्या मागे, दोन्ही कोंबड्या पोटाशी धरून.

यादी सरकत होती. कुत्रा, बावीस. कुत्रा, चाळीस. मांजर, अकरा. ससा, चार.

दुरुस्तरावांची नजर अकरावर अडकली. त्यांच्या सासूबाईंची मांजर इतकी लठ्ठ होती की लोक तिला वळसा घालून जायचे, आणि तीही सात किलोची होती. आणि ससा चार किलोचा? त्यांना वास आला. हा खड्डा नव्हता. नवीचं बोट सोडायच्या बटणावर गेलं.

लाल कोंबडी धप्पकन कीबोर्डवर आदळली. पडद्यावर ओळभर निरर्थक अक्षरं उमटली.

"थांब."

नवीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत आधी भीती होती, मग राग.

"काय चुकलं?"

उत्तर दुरुस्तरावांच्या तोंडात तयार होतं, एका शब्दाचं. गेल्या पंचवीस वर्षांत त्यांनी असा शब्द कधी तोंडात ठेवला नव्हता. घड्याळात तीन वाजले. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. फोन वाजायला लागला, डॉक्टरीणबाईंचा असणार. मागून हॉर्न, दुरुस्तरावांच्या मनात आलं. त्यांनी दोन्ही हात मागे बांधले.

"यादी वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं."

"कुत्रा, बावीस. कुत्रा, चाळीस. मांजर, अकरा. ससा, चार. मांजर, चार. मांजर, बा..." ती थांबली. परत वर गेली. "एक मांजर अकरा आणि एक चार?" फोन अजून वाजत होता. तिनंच तो उचलला. "डॉक्टरीणबाई, एक मिनिट, निरोपाचं नंतर. ती सोनी नावाची मांजर आहे ना तुमच्याकडे, ती केवढी आहे हो? ...बुटाच्या खोक्यात मावते? मग तिचं वजन अकरा कसं? ...जुना काटा? जुना काटा पौंडाचा होता? आणि नवा किलोचा! कधी बदललात? ...आणि जुन्या नोंदी तशाच?"

तिनं फोन ठेवला.

"जुन्या सगळ्या नोंदी पौंडात आहेत," ती म्हणाली. "दुप्पट डोस गेला असता. दुपटीहून जास्त. माझे प्राणी सगळे मीच केले होते, म्हणून सगळे किलोत. खरा एकही नव्हता त्यात." ती उठली आणि भिंतीवरच्या कागदावर तेरावी लिहिली.

मोठ्या बाई दारातून म्हणाल्या, "आज सोडायचं कबूल केलंय आपण. तासाभरात होईल?"

दुरुस्तरावांना माहीत होतं, त्यांना अर्धा तास लागला असता. त्यांनी मागे बांधलेले हात सोडले नाहीत.

"नाही मॅडम," नवी म्हणाली. "आज नाही जाणार. काटा बदलल्याची तारीख नक्की कळायला हवी, आणि खऱ्या नोंदी घेऊन परत तपासायला हवं. सोमवारी. डॉक्टरीणबाईंना मी सांगते. त्या रागावल्या तर माझ्यावर रागावतील."

मोठ्या बाईंनी भिंतीवरची तेरावी वाचली, आणि गेल्या.

शनिवारी नवीला कागद मिळाला. ती कायम झाली. कागदात खाली एक ओळ जास्तीची होती, तिची जागा दुरुस्तरावांच्या नजरेसमोरून उचलून खिडकीच्या रांगेत दिली होती. दुरुस्तरावांना वेगळा कागद नव्हता. त्यांना तोंडी कळवलं गेलं, की सोमवारपासून ऑफिसचं दार नऊच्या आधी त्यांच्या कार्डानं उघडणार नाही. त्यांनी मान डोलावली. पुढे माणूस होता की खड्डा, हे त्यांना लगेच कळलं नाही. जिना उतरताना कळलं, की बाईंनी ब्रेक दाबलाय तो माणसासाठीच.

घरी येऊन त्यांनी हातमोजे टेबलावर ठेवले. "हरलो," ते म्हणाले. "शुक्रवारी तीन वाजता."

रविवारी आवारात त्यावर जोरदार वाद झाला. सगळी हकीकत ऐकून क्लचकाका भलतेच उदार झाले. "अहो, हा तर ब्रेक! आमच्या धंद्यात ब्रेक हात लावण्यात धरत नाहीत. आणि लागला तो हात कुठे होता? कोंबडी होती!"

"काका, तुम्ही मधे पडू नका," पंच म्हणाली. "कीबोर्डला हात लावायचा नाही म्हणजे नाही. कोंबडीच्या आत कोण होतं? घाल पाट्या."

आणि दुरुस्तरावांनी मुकाट्यानं गळ्यात पाट्या अडकवल्या. पुढे लाल 'एल', मागे लाल 'एल'. गॅलऱ्या भरल्या होत्या. नवी मुलीला कडेवर घेऊन आली होती. तिला कुणी कळवलं असेल? दाढीवाल्याचाही फोन हातात तयार होता. छोटी तीनचाकीवर बसून, शिट्टी तोंडात धरून सज्ज.

शिट्टी वाजली. दुरुस्तराव उलटे निघाले. "तीं... तीं... तीं..."

"जोरात! मागच्या गाडीला ऐकू येत नाही!" क्लचकाका ओरडले.

"तीं! तीं! तीं!"

पहिल्या वळणावर, फुटक्या कुंडीच्या जागी, बायकोनं कालच नवी मोठी कुंडी ठेवली होती. आत भिजवलेली काळी माती, रोप अजून लावायचं होतं. दुरुस्तरावांची पाठ सरळ तिच्याकडे निघाली होती. ते सगळ्यांना दिसत होतं.

"सर—" नवीनं तोंड उघडलं.

क्लचकाकांनी ओठांवर बोट ठेवलं. नवीनं कुंडीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. बायकोनं दोन्ही हात पाठीमागे बांधले. सगळ्या आवारात दुरुस्तरावांची "तीं तीं" सोडली तर चिटपाखरू बोललं नाही.

पचाक.

दुरुस्तराव बरोबर मधोमध बसले, गुडघे वर, 'एल' आभाळाकडे. गॅलऱ्या कोसळायच्याच बाकी राहिल्या. हात द्यायला कुणी पुढे झालं नाही. त्यांनी दोन्ही बाजूंनी कुंडीची कड धरली, जोर लावला, एकदा परत आत बसले, दुसऱ्यांदा सुटले. पँटची मागची बाजू झटकून त्यांनी मान वळवून कुंडी नीट बघून घेतली, भिंतीपासून किती पावलं आहे तेही मोजलं.

"दोन फेऱ्या राहिल्यात!" छोटी ओरडली.

"माहीत आहे," दुरुस्तराव म्हणाले, आणि पुन्हा उलटे चालू लागले. दुसऱ्या फेरीत त्या वळणावर ते वीतभर उजवीकडे सरकले, मागे न बघता.

"तीं... तीं... तीं..."